पांढरी, काळी आणि शाळेचा भूगोल

भूगोल हा आपल्या शाळांतील पोरका विषय आहे. इतिहासाच्या नावाने मिरवणुका निघतात, भाषेच्या नावाने संमेलने भरतात, गणिताची निदान धास्ती तरी असते. भूगोलाच्या वाट्याला धास्तीसुद्धा येत नाही. नद्यांचे उगम, पिकांची नावे आणि कारखान्यांची गावे पाठ करावयाची, आयत्या नकाशात रंग भरावयाचे आणि परीक्षा आटोपली की सारे विसरून जावयाचे, एवढाच बहुतेकांचा त्याच्याशी संबंध. अशा विषयावर कामगार संघटनेच्या कार्यकर्त्याने वसंतातील ह्या व्यासपीठावर बोलावे, याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. आमचे शाळेतले शिक्षण थोडे. पुढचे जे काही झाले ते कारखान्याच्या फाटकावर, वाचनालयात आणि मोर्च्यांच्या वाटेवर झाले. परंतु जमीन, पाणी आणि श्रम ह्या तिन्हींचा हिशेब एके ठिकाणी मांडू शकेल असा विषय शाळेत भूगोलावाचून दुसरा नाही. आणि तो हिशेब चुकला म्हणजे काय होते, हे कामगारवस्तीत जितके स्वच्छ दिसते तितके इतरत्र क्वचितच दिसते.

आम्हांला सांगावयाचे आहे ते थोडक्यात असे. माणसाला आपल्या भूमीविषयी जे वाटते त्याला आपण भावना म्हणून बाजूला सारतो. कवितेच्या तासाला ती चालेल, भूगोलाच्या तासाला नको, अशी आपली समजूत आहे. ती समजूत बरोबर नाही. त्या वाटण्यात पिढ्यान्‌पिढ्यांचे ज्ञान असते, केलेल्या कष्टांची नोंद असते आणि हक्काची जाणीव असते. शाळेने ते वगळले की भूमीचा नुसता आकडा उरतो, आणि पाटीवरचा आकडा पुसावयास कितीसा वेळ लागतो? पुणे जिल्ह्याच्या गेल्या दोनशे वर्षांच्या इतिहासात हेच घडत आलेले दिसते. तो इतिहास आपण क्रमाने पाहू.

नकाशा येण्यापूर्वी आपल्या खेडुताला भूगोल नव्हता, असे मुळीच नाही. देशावरच्या गावाचे दोन भाग मानीत: पांढरी आणि काळी. घरे, देऊळ, चावडी जेथे असत ती पांढरी. पिकाची जमीन ती काळी. हे नुसते मातीचे रंग नव्हते. पिढ्यान्‌पिढ्या भिंती पडल्या, पुन्हा उभ्या राहिल्या, चुलीतली राख मातीत मिसळत गेली, म्हणून वस्तीची जागा पांढरी झाली. माणसांच्या राहण्यानेच त्या भूमीचा रंग पालटला. काळीला आई म्हणावयाचे. शेतांनाही नावे असत. पुणे प्रांतात मिरासदारांच्या जमिनी ‘थळां’त वाटलेल्या असत आणि थळाला मूळ घराण्याचे नाव असे. ते घराणे बुडाले तर त्याच्या जमिनीला ‘गतकूळ’ म्हणत, पण थळाचे नाव तसेच राही. शिवारातून गुरे घेऊन जाणारे पोर गावाचा इतिहास पायांनी वाचीत जात असे.

डोंगराकडच्या मावळात तर ह्या शब्दांची फारच श्रीमंती. पवनमावळ, नाणेमावळ, आंदरमावळ, पौडखोरे, मोसेखोरे ही नावे ऐकली की नदी, तिची दरी आणि तिथला माणूस एकदमच डोळ्यांपुढे उभा राहतो. भाताचे खाचर निराळे, उतारावरची वरकस निराळी, गुरांचे गायरान निराळे. खाचर म्हणजे केवळ सपाट जमीन नव्हे. डोंगरउतारावर ताली घालून, पावसाने वाहून जाणारी माती अडवून, माणसाने ते तयार केलेले असते. हा एक शब्द नीट समजला तर मुलाला पर्जन्य, उतार, मृदा आणि श्रम हे चार धडे एकदम समजतात. ज्याला आपण भावना म्हणतो ती अशा शब्दांत राहत होती.

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि हा मुलूख इंग्रजांच्या हाती गेला. नव्या सरकारला प्रथम जाणून घ्यावयाचे होते ते जमिनीचे उत्पन्न. प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने १८२० ते १८३० या दशकाच्या अखेरीस पुणे प्रांताची मोजणी केली. तिच्यावरून बसविलेला सारा रयतेला इतका जड झाला की पुष्कळांनी जमिनी टाकून दिल्या. मग १८३५-३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्याने मोजणी केली आणि तीच पद्धत पुढे मुंबई इलाख्यात पसरली. साखळीने शेत मोजावयाचे, मातीचा रंग आणि खोली पाहून तिची प्रत आण्यांत ठरवावयाची आणि शेताला सर्व्हे नंबर द्यावयाचा. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद तो एक गुंठा. ४० गुंठ्यांचा एक एकर.

ह्या मोजणीला सरसकट नावे ठेवणे आम्हांला योग्य वाटत नाही. कसणाऱ्याचे देणे किती हे त्यामुळे कागदावर आले, आणि कागदावर आलेल्या गोष्टीसाठी भांडता येते हे आम्हां संघटनेच्या लोकांना चांगले ठाऊक आहे. पण कागदावर नंबर आला आणि थळाचे नाव गेले. आज पुण्याच्या कडेला गुंठेवारीच्या घरात राहणारा कामगार आपला पत्ता ‘सर्व्हे नंबर अमुक’ असा सांगतो. त्या नंबराखाली कोणाचे वावर होते हे त्याला माहीत नाही. आणि ज्याचे वावर होते त्याचा नातू पुष्कळदा शेजारच्याच इमारतीवर रखवालदार असतो.

ह्याच काळात मराठी शाळांत भूगोल आला. पूर्वीच्या पंतोजींच्या शाळेत अक्षर, मोडी, हिशेब आणि पाठांतर असे. भूगोल हा विषय नव्हता. १८३२ साली ‘दर्पण’ पत्र काढणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांनी भूगोलविद्येवर मराठीत पुस्तक लिहिले. त्या पिढीने भूगोलाला मुक्तीचे शास्त्र मानले, आणि ते योग्यच होते. पृथ्वी शेषाच्या मस्तकावर नाही, ग्रहण राहूमुळे लागत नाही, समुद्रापलीकडेही आपल्यासारखीच माणसे राहतात, हे ज्या मुलाला कळले त्याच्या मनावरची केवढी जोखडे गळून पडली असतील! म्हणून शालेय भूगोलाचा जन्म आम्ही शुभ मानतो. परंतु त्या जन्माबरोबरच एक दोषही आला. पुस्तकांचा साचा विलायती होता. खंडे, सीमा, राजधान्या आणि व्यापाराचा माल अशी त्यांची मांडणी. प्रदेशाची ओळख ‘तेथे काय पिकते आणि तेथून काय निघते’ ह्या प्रश्नाने व्हावयाची. मोजणीखात्याचा प्रश्नही नेमका हाच होता.

स्वातंत्र्यानंतर पुस्तके बदलली. १९६७ साली पुण्यात ‘बालभारती’ स्थापन झाली. तिसरीला आपला जिल्हा, चौथीला आपले राज्य, मग देश आणि जग, असा क्रम अनेक वर्षे चालला. जवळून दूर जाण्याचा हा क्रम शास्त्रशुद्ध आणि हिताचा होता. पण जवळच्या जिल्ह्याचे वर्णनसुद्धा बव्हंशी दुरूनच केलेले राहिले: सीमा, तालुके, नद्या, पिके, धरणे आणि प्रेक्षणीय स्थळे. याची साक्ष चित्रकलेच्या वहीत मिळते. पुण्यातल्या कोणत्याही मुलाला निसर्गचित्र काढावयास सांगा. तो दोन टोकदार त्रिकोणी डोंगर काढील, मधून उगवता सूर्य, खाली वळणाची नदी आणि एक झोपडी. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरांवर थर पसरून आपले पठार झाले. म्हणून आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे आणि माथ्यावर सपाट असतात. सिंहगड सपाट माथ्याचा, आणि तो पुण्याच्या नैर्ऋत्येस असल्याने त्याच्यामागून सूर्य उगवणेही शक्य नाही. मूल रोज खिडकीतून एक डोंगर पाहते आणि कागदावर दुसराच काढते. कारण डोंगर म्हणजे काय, हे त्याला पुस्तकाने सांगितलेले असते. आपल्या डोळ्यांपुढचे ते भूगोलात मोडत नाही, हा धडा त्याला कोणी न शिकविता पाठ होतो.

हा दोष ज्यांना फार लवकर दिसला त्यांत जोतीराव फुले अग्रभागी होते. १८८३ सालचा त्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ आपण सामाजिक ग्रंथ म्हणून वाचतो. भूगोलाचा ग्रंथ म्हणूनही तो वाचला पाहिजे. डोंगरावरचा पालापाचोळा आणि गुरांचे शेण पावसाबरोबर शेतात उतरून खत होते, हे ते सांगतात. गायराने जंगलखात्याकडे गेल्यामुळे शेतकऱ्याच्या गुरांचे काय झाले, ते सांगतात. फाजील शिपायांकडून सरकारने ताली आणि बंधारे बांधवून घ्यावेत, म्हणजे पावसाचे पाणी शेतात मुरून मग ओढ्यानाल्यांना मिळेल, अशी सूचना करतात. पाणाड्यांकडून जमिनीतले पाणी शोधवून त्या जागा गावच्या नकाशात नोंदवाव्यात, हीही त्यांची मागणी आहे. पाणाडी म्हणजे अनुभवाने पाणी सांगणारा गावचा माणूस. त्याचे ज्ञान सरकारी नकाशात यावे, असे म्हणणारा पुरुष मोजणी आणि माया यांची सांगड घालीत होता. ‘असूड’ लिहून झाल्यावर दोन वर्षांनी, १८८५ मध्ये, पुणे जिल्ह्याचे सरकारी गॅझेटियर तीन भागांत निघाले. ते माहितीचे मोठे भांडार आहे आणि आम्ही त्याचा पुष्कळ उपयोग केला आहे. मात्र दुर्दैव असे की आपल्या भूगोलाच्या पुस्तकांनी वळण घेतले ते गॅझेटियरचे; ‘असुडा’चे घेतले नाही.

ह्या निवडीची किंमत किती मोठी असते, ते मुळशीने दाखविले. मुळा नदी सह्याद्रीत उगम पावते, पुण्यात मुठेला मिळते, मुळा-मुठा भीमेला मिळते आणि भीमा पंढरपुरी चंद्रभागा होते, असे आपण शिकलो. ते खरेच आहे. पण मुळशीपाशी अडविलेले पाणी डोंगरातून खाली कोकणात भिरा येथे उतरवितात, त्यावर वीज काढतात आणि ते पाणी पश्चिमेकडे अरबी समुद्रास मिळते. जे पाणी पंढरपुरावरून जावयाचे ते माणसाने उलट दिशेला वळविले. नकाशावरची निळी रेघ हे सांगत नाही.

टाटा वीज कंपनीने मुळा आणि निळा यांच्या संगमाजवळ धरण बांधावयास घेतले तेव्हा पन्नासच्या आसपास गावे आणि आंबेमोहोर भाताची खाचरे पाण्याखाली जावयाची होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळातल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले ते ह्याच लढ्यात. विनायकराव भुस्कुटे यांनीही त्याची धुरा वाहिली. १९२४ पर्यंत लढा चालला आणि मोडला. प्रा. राजेंद्र व्होरा यांनी आपल्या अभ्यासात दाखविले आहे की पुष्कळ जमिनी पुण्यातल्या सावकारांच्या नावे होत्या आणि ते मोबदल्यावर राजी झाले. ज्याच्याकडे जमिनीचा कागद होता त्याला जमीन म्हणजे रक्कम होती. जो खाचरात वाकत होता त्याला ती पांढरी आणि काळी होती. रकमेचा मोबदला मिळतो. पांढरीचा मोबदला कोणत्या दराने द्यावा, याचे कोष्टक कोणापाशीच नव्हते. १९२७ मध्ये भिऱ्याची वीज सुरू झाली.

त्याच काळात, १९१९ ते १९२४ या वर्षांत, पॅट्रिक गेडीस हे स्कॉटिश पंडित मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकवीत होते. स्थळ, काम आणि लोक ही तीन एकत्रच अभ्यासावीत, विद्यार्थ्याला उंचवट्यावर नेऊन आपला प्रदेश डोळ्यांनी दाखवावा, हे त्यांचे आवडते सूत्र. विद्यापीठात हे सूत्र सांगितले जात असता शंभर मैलांच्या आत मुळशीत स्थळ, काम आणि लोक यांची ताटातूट चालली होती.

येथे कामगार चळवळीतील माणसाने एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. ही वीज मुंबईला गेली आणि तिच्यावर गिरण्या चालल्या. त्या गिरण्यांत देशावरची आणि कोकणातली माणसे पोटाला लागली. १९२० साली आयटक स्थापन झाली, १९२८ साली गिरणी कामगारांचा तो प्रचंड संप झाला. म्हणजे आमच्या चळवळीच्या पाळण्याला दोरी होती ती अशा विजेच्या तारेची. तेव्हा वीज नको होती, असे आम्ही म्हणणार नाही. आमचे म्हणणे इतकेच की पगाराच्या चिठ्ठीवर कपात लिहिलेली असते, तशी भूगोलाच्या पुस्तकात ही किंमत लिहिलेली असली पाहिजे. न लिहिलेली कपात ही चोरीच होय.

आमच्या संघटनेच्या अभ्यासवर्गात आम्ही कंत्राटी कामगारांच्या हाती खडू देतो आणि फळ्यावर आपापले गाव काढावयास सांगतो. ‘आम्हांला भूगोल येत नाही,’ असे प्रथम सारेच म्हणतात. मग एकजण उठतो. बीडकडच्या एका कामगाराने आधी गाव काढलेच नाही. टँकर थांबतो ती जागा काढली, तिच्यापासून घरापर्यंत हंड्याच्या खेपा दाखविल्या आणि ऊसतोडीला जावयाचा रस्ता काढला. बिहारमधल्या एकाने कोसी नदीचा बांध काढून बांधाच्या आत कोण राहते आणि बाहेर कोण, हे समजावले. मुळशीकडच्या एकाने मोठा तलाव काढला आणि पाण्याच्या मधोमध फुली मारली. ‘हितं आमची पांढरी,’ तो म्हणाला. धरण झाले तेव्हा त्याचे आजोबासुद्धा लहान होते. चार पिढ्यांनंतर तो त्या पाण्यात बोट ठेवून घर दाखवीत होता. त्या दिवशी वर्गात पर्जन्यछाया, पूर, स्थलांतर आणि विस्थापन हे सारे धडे झाले, आणि पुस्तक उघडावे लागले नाही.

हे ज्ञान शाळेबाहेर जिवंत आहे, आणि ज्या विद्वानांनी ते ओळखले त्यांनी मोठे काम केले. दामोदर कोसंबी हे गणिती. नोकरी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आणि राहणे पुण्यात. पुण्याभोवतीच्या टेकड्या ते पायी हिंडले आणि तेथे त्यांना अश्मयुगातली बारीक दगडी हत्यारे सापडली. काही ग्रामदेवतांची ठाणी गावात नसून दूर माळावर, जुन्या वाटांवर असतात, हे त्यांनी हेरले आणि नांगर येण्यापूर्वीच्या गुरे-मेंढरे राखणाऱ्या लोकांच्या वाटा त्यांवरून शोधल्या. १९६२ सालच्या ‘मिथ अँड रिॲलिटी’ या ग्रंथात हे सारे आले आहे. हिंजवडीत संगणकाच्या कंपन्या उभ्या राहिल्या, तरी चैत्रात म्हातोबाचे बगाड आजही तेथून निघते. ते पाहून हसणारा तरुण अभियंता आणि त्याकडे केवळ श्रद्धेने पाहणारा गावकरी, दोघांनाही त्या वाटेचे वय शाळेने कधी सांगितलेले नसते.

तसेच जात्यावरच्या ओव्यांचे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी मावळ-मुळशीच्या खेड्यांपासून आरंभ करून महाराष्ट्रातून लाखाहून अधिक ओव्या गोळा करविल्या. त्यांत माहेरची वाट आहे, मधले ओढे आहेत, आळंदी-देहूचे रस्ते आहेत. सासर आणि माहेर यांतले अंतर मैलांत मोजत नाहीत, हे बायांना ठाऊक होते. आणि वारी? आळंदीहून निघालेली पालखी पुणे, दिवेघाट, सासवड, जेजुरी करीत नीरेला पोचते. तेथे माउलींच्या पादुकांना स्नान घालतात आणि नदी ओलांडतात. अक्षरशत्रू वारकऱ्यालाही नद्यांचा क्रम, घाटाचा चढ आणि पावसाचा पट्टा पाठ असतो. मुळा-मुठेत आपण पुणेकर जी घाण सोडतो ती शेवटी चंद्रभागेच्या वाटेला लागते, हा भूगोलाचा धडा वारीच्या दिवसांत शिकविला तर तो मुलांच्या मनातून कधी जाणार नाही.

जिव्हाळा गेला की जीवही जातात, हे पुण्याने २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पाहिले. आंबिल ओढ्याला पूर आला, भिंती कोसळल्या, शहरात आणि आसपास वीसहून अधिक माणसे दगावली. ओढ्याच्या काठी ज्यांना स्वस्त जागा मिळाली ती बहुतेक कष्टकरी माणसे होती. ओढ्याला आपण आधी नाला म्हणू लागलो आणि मग गटार म्हणू लागलो. गटारावर भिंत घालावयास कोणाला संकोच वाटतो? ज्या मुलाने ओढा म्हणून ओढा ओळखला आहे, त्याला तो कोठून येतो आणि पावसाळ्यात किती रुंद होतो हे विचारावेसे वाटते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून मुठेने निम्मे शहर धुऊन नेले, तेव्हाही आपले पाणी कोठून येते हे पुष्कळ पुणेकरांना त्या दिवशीच कळले असेल.

आता दुसरी बाजूही मांडली पाहिजे, नाही तर आमचे बोलणे एकांगी होईल. भूमीच्या प्रेमात विषही कालविता येते. जर्मनीत मुलांना घराजवळच्या प्रदेशाचा भूगोल शिकविण्याची जुनी आणि चांगली परंपरा होती. १९३३ नंतर नाझींनी ‘रक्त आणि भूमी’ अशी घोषणा करून तिचे शस्त्र केले. आपल्याकडेही भूमिपुत्र ह्या शब्दाचा उपयोग कधी हक्कासाठी होतो, तर कधी परप्रांतातून आलेल्या गरीब मजुराला हाकलण्यासाठी. आमच्या वर्गात बिहारचा कामगार बसतो तो पाहुणा म्हणून बसत नाही. कोसीचा बांध ज्याला समजला त्याला मुळशीची फुली अधिक समजते, हा आमचा अनुभव आहे. क्रपोत्किन हा रशियन क्रांतिकारक स्वतः भूगोलशास्त्रज्ञ होता. १८८५ साली, तुरुंगात असता, भूगोल कसा असावा यावर त्याने एक लेख प्रसिद्ध केला. सर्व देशांतली माणसे भावंडे आहेत, हे भूगोलाने मुलांना शिकवावे, असे त्याचे प्रतिपादन होते. आपले गाव मनापासून ओळखणे आणि दुसऱ्याच्या गावाचा मान राखणे ह्या दोन गोष्टी परस्परविरोधी नाहीत. एकीवाचून दुसरी टिकत नाही.

ह्याची निकड आम्हांला ९ ऑगस्ट २०११ ह्या दिवशी फार तीव्रतेने जाणवली. मावळ तालुक्यात बऊरजवळ पवना जलवाहिनीविरुद्ध निदर्शने करणाऱ्या शेतकऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. तिघे ठार झाले. त्यांत एक स्त्री होती. ते पाणी ज्या शहरासाठी न्यावयाचे होते ते पिंपरी-चिंचवड, म्हणजे कामगारांचे शहर. तहान दोन्हीकडे होती. पवनेच्या धरणासाठी कोणाची जमीन गेली आणि आपल्या नळाला येणारे पाणी कोणाच्या शेताजवळून येते, हे शहरातल्या मुलांना शाळेत कोणी सांगितले होते? ते ठाऊक असते तर कदाचित त्या दिवसापूर्वी कामगार आणि शेतकरी एका घोंगडीवर बसून पाण्याचा हिशेब मांडू शकले असते. ज्यांचा एकमेकांशी परिचयच नाही त्यांची बोलणी कशी व्हावी?

तेव्हा करावयाचे काय? आमच्या सूचना थोड्या आहेत आणि त्यांना फारसा खर्चही नाही. पहिली अशी की प्रत्येक प्राथमिक शाळेने वर्षातून एक शिवारवही तयार करावी. खेड्यात असेल तर शेतांची, ओढ्यांची, माळांची नावे वडीलधाऱ्यांना विचारून लिहावीत. शहरात असेल तर वस्तीखाली कोणते शिवार होते आणि कोणता ओढा होता ते शोधावे. दुसरी सूचना अशी की वर्गातल्या बाहेरगावच्या मुलांची गावेही त्याच वहीत यावीत. बांधकामावरच्या मजुराचे मूल जालन्याचे असो की झारखंडचे, त्याचा गाव हा भूगोलच आहे. तिसरी, शिक्षकांनी वर्षातून निदान दोनदा मुलांना टेकडीवर न्यावे आणि डोळ्यांना दिसते तेच काढावयास लावावे. ह्या कामासाठी शिक्षकांवरची शाळाबाह्य कामे कमी झाली पाहिजेत, हे आम्ही संघटनेचे लोक म्हणून जोडतो. दमलेल्या शिक्षकाकडून जिव्हाळ्याची अपेक्षा करणे हा अन्याय आहे. चौथी सूचना अशी की पुस्तकात जेथे जेथे धरण, कारखाना किंवा महामार्ग यांचे नाव येईल, तेथे तो कोणाच्या जमिनीवर आणि कोणाच्या श्रमाने उभा आहे हे एका वाक्यात लिहावे.

शेवटची सूचना नकाशाविषयी. बुडालेली गावे आपल्या नकाशात कोठेच नसतात. तेथे निळा रंग असतो. ज्या इंदापूर तालुक्यात सर्व्हे नंबरांची पद्धत रुजली, त्याच तालुक्यातली गावे पुढे उजनीच्या पाण्यात गेली. उन्हाळ्यात पाणी उतरले म्हणजे पळसदेवचे जुने देऊळ वर येते आणि लोक ते पाहावयास जातात. देवळाला जो मान आहे तो गावांच्या नावांनाही मिळावा. पुणे जिल्ह्याच्या नकाशात मुळशी, पवना, पानशेत आणि उजनी ह्या निळ्या ठिपक्यांच्या आत, बारीक अक्षरांत का होईना, बुडालेल्या गावांची नावे छापली जावीत. सर्व नावे मिळून अर्धे पान पुरेल. ते अर्धे पान मागण्यासाठी शिक्षक, पालक, शेतकरी आणि कामगार यांनी एकत्र निवेदन द्यावे. आमच्या संघटनेची सही त्यावर पहिली असेल.